डब्लिनिया बघायला जाताय? पाहुणे हमखास विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

डब्लिनला घर असलं की पाहुणे येतात, आणि पाहुण्यांना घेऊन मी हमखास डब्लिनियाला जाते. कुणी आयटीतल्या मुलाकडे आलेले आई-बाबा असतात, कुणी मास्टर्सला आलेल्या भाचीला सोडायला आलेलं असतं, कुणी लंडनहून चार दिवसांसाठी. प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

डब्लिनिया म्हणजे नेमकं काय, आणि आहे कुठे?

डब्लिन शहराची पहिली सातशे वर्षं, म्हणजे व्हायकिंग (स्कँडिनेव्हियातून समुद्रमार्गे आलेले लोक) काळ आणि त्यानंतरचा मध्ययुगीन काळ, हाताळून आणि अनुभवून समजून घ्यायचं हे संग्रहालय आहे. 1993 साली ते सुरू झालं. क्राइस्ट चर्च कॅथेड्रलच्या समोर, रस्त्यावरून आडव्या गेलेल्या दगडी कमानीच्या पुलाने कॅथेड्रलला जोडलेली जी इमारत दिसते, तीच. ही इमारत 1870 च्या दशकात कॅथेड्रलच्या जीर्णोद्धाराच्या वेळी चर्चच्या धर्मसभेसाठी बांधली. त्या जागी आधी सेंट मायकेलचं चर्च होतं, त्याचा जुना मनोरा तेवढा राखला. जीर्णोद्धाराचा सगळा खर्च हेन्री रो नावाच्या व्हिस्की उत्पादकाने उचलला होता.

सिटी सेंटरमधून, डेम स्ट्रीटने सरळ चढावर चालत गेलात की दहा-पंधरा मिनिटांत पोचता. लुआस ट्रामने येत असाल तर रेड लाइनवर फोर कोर्ट्सला उतरा आणि पूल ओलांडून या. थोडा चढ आहे. व्हायकिंगांनी वस्तीसाठी ही नदीकाठची टेकाडाची जागा का निवडली, ते तो चढ चढताना कळतं.

आत खऱ्या जुन्या वस्तू आहेत, की सगळं नव्याने बनवलेलं?

हा प्रश्न आधी विचारलात तर बरं, कारण उत्तर माहीत नसताना गेलेली मोठी माणसं कधीकधी हिरमुसतात. घरं, रस्ते, बाजार, पुतळे, कपडे, हत्यारं हे बहुतेक सगळं नव्याने उभं केलेलं आहे. हजार वर्षांपूर्वीची खरी फणी, खरा जोडा, खरी तलवार बघायची असेल तर किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात जायला हवं. तिथे प्रवेश मोफत आहे आणि डब्लिनियापासून ते चालत वीसेक मिनिटांवर आहे.

पण म्हणून डब्लिनिया खोटं ठरत नाही. डब्लिनच्या पोटातली माती ओली आणि हवा न शिरणारी. त्यामुळे इथे जे टिकलं ते युरोपात फार थोड्या ठिकाणी टिकलंय: लाकूड, चामडं, कापड, शेवाळ, हेझलनटची टरफलं, अगदी संडासाच्या खड्ड्यातली विष्ठासुद्धा. कॅथेड्रलजवळच्याच फिशॅम्बल स्ट्रीट आणि वुड-की या जागांच्या उत्खननात शंभराहून अधिक घरांचे पाये मिळाले. त्यामुळे घर केवढं होतं, दार कुठे होतं, चूल कुठे होती, हे कल्पनेवर सोडलेलं नाही. छपराची उंची वगैरे गोष्टींत अंदाज आहे, कारण वरचा भाग जमिनीत उरत नाही.

माझं स्पष्ट मत: आधी डब्लिनिया, मग किल्डेअर स्ट्रीट. कुडाच्या घरात वाकून शिरलेल्या, धुराने काळवंडलेली चूल बघितलेल्या मुलाला काचेमागची शिंगाची फणी बघताना ती कोणाच्या हातातली होती ते कळतं. उलट क्रमाने गेलात तर संग्रहालयातल्या वस्तू नुसत्या वस्तू राहतात.

हाताळण्यासारखं काय काय आहे?

व्हायकिंग दालनात घर आहे, आणि मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबते. डब्लिनमधलं नेहमीचं घर सुमारे साडेआठ मीटर लांब आणि पावणेपाच मीटर रुंद असायचं. कोपरे गोलसर. हेझल आणि अ‍ॅशच्या लवचिक फांद्या उभ्या खुंटांमधून आडव्या विणून केलेल्या भिंती. कोकणात कुडाचं घर बघितलेल्याला त्या लगेच ओळखू येतील. छपराचा भार भिंतींवर नसून आतल्या चार खांबांवर. मधोमध दगडांनी आखलेली चूल, दोन्ही लांब बाजूंना बसायला-झोपायला ओटे, दोन्ही टोकांना दारं. खिडकी नाही. एवढ्याशा जागेत सबंध कुटुंब, धूर, ओले कपडे, मासे आणि हिवाळा. तिथे दोन मिनिटं गप्प उभं राहायला मुलांना सांगा, आणि मग विचारा की तू कुठे झोपला असतास.

व्हायकिंग पद्धतीचे कपडे घालून बघता येतात. रून लिपीत आपलं नाव लिहिता येतं, आणि त्यात आपल्या मुलांची गंमत होते. त्या काळच्या रून लिपीत सोळाच अक्षरं होती. ब आणि प ला एकच चिन्ह, क आणि ग ला एकच, त आणि द ला एकच. त्यामुळे पार्थ आणि गौरी दोघांनाही आपल्या नावासाठी दुसऱ्याचं अक्षर उसनं घ्यावं लागतं. डब्लिनच्या उत्खननात हाडांवर, शिंगांवर, लाकडावर कोरलेले रून खरोखर मिळाले आहेत.

घरामागे संडासही आहे, आवाजासकट. पाहुण्यांपैकी काहींना ते उगाच वाटतं, मला नाही. संडासाच्या खड्ड्यांनीच तर सांगितलं की ही माणसं ब्लॅकबेरी खात होती, त्यांच्या पोटात जंत होते आणि पुसायला ती शेवाळ वापरत होती. राजांच्या बखरींतून हे कधीच कळलं नसतं.

मध्ययुगीन भागातल्या जत्रेत औषधवाल्याचं दुकान आहे, श्रीमंत व्यापाऱ्याचं स्वयंपाकघर आहे, आणि गुन्हेगाराला अडकवून ठेवायचा लाकडी खोडाही. मुलांना त्या खोड्यापाशी सगळ्यात जास्त रमताना मी बघितलंय.

व्हायकिंग म्हणजे शिंगांचं शिरस्त्राण, बरोबर ना?

नाही. शिंगं लावलेलं एकही व्हायकिंग काळातलं शिरस्त्राण मिळालेलं नाही. हे चित्र रूढ झालं ते एकोणिसाव्या शतकात. 1876 साली जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वागनरच्या ऑपेराचे जे प्रयोग झाले, त्यांच्या वेशभूषेचा त्यात मोठा वाटा. दुकानातून मुलांना शिंगांची टोपी घ्यायची तर खुशाल घ्या, फक्त खरं काय ते सांगून घ्या.

पण ते लुटारूच होते ना? मग त्यांचं एवढं कौतुक कशाला?

लुटारू होते, यात शंका नाही. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे मठ त्यांनी लुटले, जाळले. 841 मध्ये लिफी नदीच्या काठी त्यांनी जहाजांचा तळ ठोकला आणि तिथून लुटीला निघू लागले. 902 मध्ये आयरिश राजांनी त्यांना हाकलून लावलं, 917 मध्ये ते परत आले, आणि या वेळी त्यांनी शहर वसवलं.

मला सांगावंसं वाटतं ते यापुढचं. या शहरात तलवारीपेक्षा कारागिरी जास्त सापडते. हाय स्ट्रीटवर चामड्याच्या कातरणांचे थर मिळाले, म्हणजे तिथे पिढ्यानपिढ्या चांभारकाम चालत होतं. हरणाच्या शिंगाच्या फण्या करणाऱ्यांचा कचरा मिळाला. फिशॅम्बल स्ट्रीटवर बाल्टिक समुद्राकडून आणलेल्या अंबरचे, म्हणजे झाडाच्या दगडासारख्या घट्ट झालेल्या राळेचे, मणी घडवणारे होते. पूर्वेकडून, बायझंटाइन साम्राज्याच्या बाजूने आलेलं रेशीम मिळालं. लहान मुलांच्या लाकडी होड्या मिळाल्या. फळ्यांवर कुणीतरी कोरून ठेवलेली जहाजांची चित्रं मिळाली. घरांच्या जागांच्या हद्दी पिढ्यानपिढ्या तिथल्या तिथेच राहिल्या. घर पडलं, नवं बांधलं, पण कुंपण हललं नाही. हे लुटून पळून जाणाऱ्यांचं लक्षण नव्हे. शहरात मुरलेली माणसं अशी राहतात.

आणि ती आयरिश माणसांत मिसळलीसुद्धा. डब्लिनचा नॉर्स, म्हणजे व्हायकिंग वंशाचा, राजा सिट्रिक सिल्कबिअर्ड याची आई गोर्मलेथ आयरिश राजकन्या. तिचं लग्न पुढे आयरिश सम्राट ब्रायन बोरूशी झालं, आणि ब्रायनची मुलगी सिट्रिकला दिली. तरी 1014 मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत हे सासरे-जावई एकमेकांविरुद्ध होते. त्या लढाईत ब्रायन मारला गेला आणि सिट्रिक शहराच्या तटाआड सुखरूप राहिला. दोन्ही बाजूंना आयरिश होते, दोन्ही बाजूंना नॉर्सही होते. ‘आयरिश विरुद्ध व्हायकिंग’ अशी ती सरळ लढाई नव्हती. याच सिट्रिकने 997 च्या सुमारास आयर्लंडमधली पहिली नाणी पाडली, आणि 1030 च्या सुमारास क्राइस्ट चर्चची स्थापना केली. म्हणजे समोरचं कॅथेड्रल एका व्हायकिंग राजाचं आहे.

गुलामांबद्दलचा भाग मुलांना दाखवावा का?

दाखवावा. डब्लिन हे त्या काळी पश्चिम युरोपातल्या गुलामांच्या मोठ्या बाजारांपैकी एक होतं. आयर्लंड, वेल्स, इंग्लंड इथून पकडलेली माणसं इथून विकली जात. संग्रहालयात बेड्या घालून बघायची सोय आहे. तिथे फोटो काढण्याची घाई करू नका असं मी पाहुण्यांना सांगते. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना सरळ शब्दांत सांगितलं तर कळतं: या शहराच्या पैशात त्या माणसांचाही हिशेब होता. आयरिश आणि इंग्लंडचे अँग्लो-सॅक्सन राजेही या व्यवहारात होते, दोष एकट्या व्हायकिंगांवर टाकता येत नाही. 1170 मध्ये आर्मा इथल्या धर्मसभेने आयर्लंडमधल्या इंग्लिश गुलामांना मुक्त करण्याचा ठराव केला.

मध्ययुगीन भागात काय आहे? तो घाईने बघून चालेल का?

वेळ कमी असेल तर याच भागात थोडी घाई करा, प्लेगचा कोपरा सोडून. 1170 मध्ये स्ट्राँगबो नावाच्या सरदाराच्या साथीने अँग्लो-नॉर्मन, म्हणजे इंग्लंडवर राज्य करणाऱ्या नॉर्मन लोकांचं, सैन्य डब्लिनमध्ये शिरलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री स्वतः आला आणि त्याने हे शहर ब्रिस्टलच्या लोकांना वसवायला दिलं. जुन्या नॉर्स रहिवाशांनी नदीच्या उत्तरेला आपली वेगळी वस्ती केली. त्यानंतरची जवळजवळ पावणेचारशे वर्षं, म्हणजे कारागिरांचे संघ, जत्रा, शिक्षा, औषधं, हे सगळं या दालनात आहे. शहराची 1500 च्या सुमाराची छोटी प्रतिकृती आहे, ती नीट बघा. नंतर मनोऱ्यावरून बघताना उपयोगी पडते.

प्लेग 1348 च्या ऑगस्टमध्ये आला, समुद्रामार्गे, डब्लिनजवळच्या हाउथ आणि डॉकी या बंदरांतून. किलकेनीचा धर्मगुरू जॉन क्लिन याने लिहून ठेवलंय की नाताळपर्यंत एकट्या डब्लिनमध्ये 14,000 माणसं मेली. आकडा फुगलेला असेलही, पण लिहिणारा त्या मरणाच्या मधोमध बसलेला होता. आपल्यामागे कुणी माणूस उरलाच तर त्याने हे काम पुढे चालवावं म्हणून कोरं चर्मपत्र सोडून जातोय, असं त्याने लिहिलं. हे ठाऊक असताना त्या कोपऱ्यातले आजारी माणसांचे पुतळे वेगळेच दिसतात. फोडांचे, व्रणांचे पुतळे आहेत हे लहान मुलांना आधी सांगून ठेवा. चारेक वर्षांची मुलं दचकतात.

शेवटचा पुरातत्त्वाचा भाग कंटाळवाणा आहे का?

अजिबात नाही, आणि बहुतेक जण तोवर थकलेले असल्यामुळे तो भराभर मागे टाकतात. उत्खनन कसं करतात, थर कसे वाचतात, सांगाड्यावरून वय आणि आजार कसे ओळखतात, मातीतल्या किड्यांवरून घरातला ओलावा कसा कळतो, हे सगळं तिथे आहे.

एक उदाहरण सांगते, म्हणजे या विद्येची ताकद कळेल. डेन्मार्कमध्ये रोस्किल्डच्या खाडीत 1962 साली जुनी जहाजं पाण्याबाहेर काढली. त्यातलं एक सुमारे तीस मीटर लांब, साठेक वल्हेकऱ्यांचं युद्धनौकेसारखं जहाज. लाकडातली वार्षिक वलयं तपासली. पावसाळी वर्षी झाड जास्त वाढतं, कोरड्या वर्षी कमी, आणि त्या रुंद-अरुंद वलयांचा क्रम प्रदेशाप्रदेशात वेगळा असतो. हा क्रम आयर्लंडच्या ओकच्या झाडांशी जुळला. म्हणजे ते जहाज 1042 मध्ये डब्लिन परिसरात, बहुधा ग्लेंडलॉखच्या ओकपासून बांधलेलं. डॅनिश संग्रहालयाने त्याची हुबेहूब प्रतिकृती बांधली आणि 2007 च्या उन्हाळ्यात ती वल्हवत, शिडं उभारत रोस्किल्डहून डब्लिनला आणली.

वुड-की, वुड-की असं सगळीकडे येतं. ते काय प्रकरण आहे?

हे माहीत असल्याशिवाय डब्लिनिया अर्धंच कळतं. कॅथेड्रलच्या मागे, नदीकडे उतरताना महापालिकेच्या मोठ्या कचेऱ्या दिसतात. त्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिथेच सत्तरच्या दशकात व्हायकिंग डब्लिन उघडं पडलं: घरं, वाटा, कुंपणं, धक्के, सगळं. महापालिकेला तिथे कचेऱ्या बांधायच्या होत्या. मध्ययुगीन इतिहासाचे प्राध्यापक आणि ऑगस्टिनियन पंथाचे धर्मगुरू एफ. एक्स. मार्टिन यांनी विरोधाचं नेतृत्व केलं. सप्टेंबर 1978 मध्ये सुमारे 20,000 लोक रस्त्यावर उतरले. न्यायालयाने ही जागा राष्ट्रीय स्मारक असल्याचं मान्य केलं. 1979 मध्ये आंदोलकांनी जागेचा ताबाही घेतला. तरीही कचेऱ्या झाल्याच. पुरातत्त्वज्ञांना थोडा वेळ मिळाला, 1981 पर्यंत फिशॅम्बल स्ट्रीटच्या बाजूचं काम पुरं करता आलं, आणि आज आपल्याला जे माहीत आहे ते त्या वेळामुळे.

मला या गोष्टीचा राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही. एवढं सबंध व्हायकिंग शहर जागच्या जागी जपून, वर छप्पर घालून, लोकांना त्यातून चालता आलं असतं. ते गेलं. डब्लिनियात फांद्या विणून उभं केलेलं घर बघताना हे लक्षात असू द्या की खरं घर शंभर-दोनशे पावलांवर होतं. त्या कचेऱ्यांच्या आवारात, तळघराच्या पातळीला, जुन्या दगडी तटाचा एक तुकडा मात्र जपलेला आहे.

किती वेळ लागतो? कधी जावं?

दीड तास धरा. वाचणारी माणसं आणि रमणारी मुलं असतील तर दोन तास. शाळा चालू असण्याच्या दिवसांत सकाळी सहली येतात, तेव्हा दुपारी जा. नाताळच्या सुमारास काही दिवस बंद असतं आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वेळ आणि दर दोन्ही बघा.

तिकीट नुसतं घ्यावं की कॅथेड्रलसकट?

एकत्र तिकीट मिळतं, आणि मी तेच घ्यायला सांगते. डब्लिनियातून त्या दगडी पुलावरून थेट कॅथेड्रलमध्ये जाता येतं. तळघरात ऑर्गन वाद्याच्या नळीत अडकून वाळलेली मांजर आणि उंदीर आहेत, मुलांना हमखास आवडतात. वर स्ट्राँगबोची म्हणून दाखवतात ती दगडी समाधी आहे. मूळ समाधी 1562 मध्ये छप्पर कोसळून चिरडली गेली, त्या जागी ही आणून बसवली.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. जमेल का?

संग्रहालयात लिफ्ट आहे, दालनं सगळी बघून होतात. सेंट मायकेलच्या मनोऱ्याला मात्र 96 पायऱ्या आहेत, अरुंद आणि वळणाच्या, आणि तिथे लिफ्ट नाही. पूलही व्हीलचेअरसाठी सोयीचा नाही. आई-बाबांना खाली बसवा आणि बाकीच्यांनी वर जा. हवा स्वच्छ असेल तर नदी, बंदराची बाजू आणि दक्षिणेचे डोंगर एका नजरेत येतात. दालनांत उजेड मुद्दाम कमी ठेवलाय, तेव्हा ज्येष्ठांचा हात धरा.

इंग्रजी फारसं येत नसेल तर?

मराठीत काही नाही. पण घर, बाजार, खोडा, जहाज हे बघून कळतं; सोबत एकाने थोडं वाचून सांगितलं तरी पुरतं. आमच्याकडे आलेल्या एका आजींनी फलक एकही न वाचता चुलीची जागा, ओटा आणि दाराची दिशा बघून घर बरोबर समजावून सांगितलं होतं.

लंडनला येतोय, दोन दिवस डब्लिन जमेल का?

व्हिसाचं आधी बघा. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर इथे येता येत नाही. भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे; ब्रिटनच्या व्हिसावर त्या योजनेची नोंद असेल आणि तुम्ही आधी ब्रिटनमध्ये उतरला असाल तर त्याच व्हिसावर इथे येता येतं. नोंद आहे का ते तिकिटं काढण्यापूर्वी तपासा. इथे युरो चालतो, पौंड नाही.

खायचं काय आणि कुठे?

कॅथेड्रलपासून दोन मिनिटांवर, वर्बर्ग स्ट्रीटवर लिओ बर्डॉकचं फिश अँड चिप्स आहे, 1913 पासूनचं. शाकाहारी मंडळींसाठी साउथ ग्रेट जॉर्जेस स्ट्रीटकडे चालत जा, तिथे भरपूर पर्याय आहेत. नळाचं पाणी पिता येतं, बाटली सोबत ठेवा.

त्याच दिवशी जवळपास आणखी काय बघावं?

कॅथेड्रलच्या आसपास चालताना फुटपाथवर नजर ठेवा: व्हायकिंग घराचा आराखडा दगडांनी आखलेला आहे, आणि उत्खननातल्या वस्तूंचे काशाचे ठसे फरसबंदीत बसवलेले आहेत. कुक स्ट्रीटवर सेंट ऑडोनची वेस आहे, 1240 ची, जुन्या तटाची उरलेली एकमेव वेस. दुसऱ्या दिशेला डब्लिन कॅसलच्या मागे गोल हिरवळ दिसेल. जिथे व्हायकिंगांची जहाजं नांगरली जात तो काळ्या पाण्याचा डोह साधारण तिथे होता असं मानतात. त्याला लागूनच चेस्टर बीटी संग्रहालय आहे, मोफत, आणि तिथे मुघल काळातली भारतीय लघुचित्रं आहेत, ती चुकवू नका.

मग उरलेल्या दुपारी किल्डेअर स्ट्रीट. तिथे व्हायकिंग दालनात किलमेनम आणि आयलंडब्रिजच्या दफनांतल्या तलवारी आहेत, सोबत व्यापाऱ्यांचे छोटे तराजू आणि वजनंही. तलवार आणि तराजू बहुतेक वेळा एकाच माणसाच्या थडग्यात ठेवलेले असत का, हे मुलांना तिथल्या माहितीवरून शोधून काढायला सांगा. रविवारी आणि सोमवारी ते संग्रहालय दुपारी एकनंतरच उघडतं, तेव्हा त्या दिवशी गेलात तर डब्लिनिया सकाळी उरकून घ्या.